गाय गाभण राहत नाही: मुंबईतून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी मुंबईत पशुवैद्यकाचं काम करते. पहाटे गोरेगाव-जोगेश्वरीकडचे तबेले, आठवड्यातून एकदा वसई-विरारचे गोठे, आणि संध्याकाळी फोन. फोन करणाऱ्यांपैकी निम्मे लोक गोठ्यात नसतातच. ते लालबागला, भांडुपला, डोंबिवलीला असतात आणि गाय असते संगमनेरला, कराडला, नाहीतर चिपळूणजवळच्या वाडीवर. गावाहून भाऊ सांगतो, "तिसऱ्यांदा उलटली, विकून टाकू का?" आणि तोच प्रश्न पुढे माझ्याकडे येतो. (उलटली म्हणजे भरवूनही गाभ न राहता पुन्हा माजावर आली.) नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. "भाकड" हा शब्द आपल्याकडे फार लवकर उच्चारला जातो. तपासणी न करता भाकड ठरवलेल्या गायींत अशा कितीतरी निघतात की त्यांना आजार काहीच नसतो, त्यांचा माज (गाय फळायला तयार असण्याचा काळ) कोणी पाहिलेला नसतो, एवढंच.

व्याल्यानंतर गाय किती दिवसांत पुन्हा गाभण राहायला हवी?

गर्भाशय मूळ आकाराला यायला ४० ते ४५ दिवस लागतात. त्याआधी माज दिसला तर तारीख लिहून ठेवा, पण भरवू नका, म्हणजे वळू दाखवू नका किंवा कृत्रिम रेतन करू नका. साधारण ६० दिवसांनंतरच्या माजाला भरवावी. गाईचा गाभण काळ सुमारे २८० दिवसांचा, म्हणजे वर्षाला एक वासरू हवं असेल तर ८५ दिवसांच्या आत गाभ धरायला हवा. जास्त दुधाच्या संकरित गाईला हे नेहमी जमत नाही. तिथे १२० दिवसांपर्यंत गाभण राहिली तरी मी समाधानी असते.

माज दर २१ दिवसांनी येतो, १८ ते २४ दिवस हा फरक चालतो. एक माज हुकला की २१ दिवस गेले. दिवसाचा खुराक ३०० रुपयांचा धरला तर एका हुकलेल्या माजाचे ६,३०० रुपये झाले. तीन माज हुकले तर हिशोब तुम्हीच करा.

माजावर आलेली गाय ओळखायची कशी? आमची तर काहीच दाखवत नाही.

सगळ्यात खात्रीची खूण एकच: दुसरी गाय अंगावर चढली तरी ती पुढे न सरकता उभी राहते. बाकीच्या खुणा म्हणजे हंबरणं, अस्वस्थपणा, दूध अचानक कमी होणं, वारंवार थोडं थोडं मुतणं, निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजून लालसर होणं आणि काचेसारखा स्वच्छ, लांब तार धरणारा चिकट स्राव, म्हणजे सोट.

आता अडचण अशी की आपल्या गाई-म्हशी दिवसभर दाव्याला, तीही सिमेंटच्या घसरड्या कोब्यावर. पाय घसरायच्या भीतीने जनावर चढत नाही आणि बांधलेलं असेल तर चढणार तरी कसं? त्यात माजाचा जोर बरेचदा रात्री आणि पहाटे असतो, तेव्हा गोठ्यात कोणी नसतं. आणि हा सगळा खेळ जेमतेम १२ ते १८ तासांचा. भरपूर दुधाच्या होल्स्टिनमध्ये त्याहून कमी.

वसईच्या एका गोठ्यातल्या आजींनी मला जे दाखवलं ते कॉलेजात कोणी दाखवलं नव्हतं. पहाटे साडेपाचला त्या शेण काढायला आल्या की आधी बॅटरी मारून गाय जिथे बसली होती ती जागा बघायच्या. बसलेल्या गाईच्या मागे वाटीभर सोट पडलेला दिसला की झालं. नसेल तर शेपटीचा गोंडा हातात घेऊन केस बोटांत चोळायच्या. वाळलेला सोट केसांना चिकटून पापुद्र्यासारखा चमकतो. त्या दिवशी त्यांनी बोट ठेवलेल्या गाईत मी गुदमार्गे हात घालून पाहिलं. गर्भाशय ताठर, बीजकोशावर टच्च फुगलेलं पुटक, म्हणजे बीज असलेला फुगा. आजींचं बोट बरोबर जागी होतं. दिवसातून तीनदा, पहाटे, दुपारी आणि रात्री झोपण्यापूर्वी, प्रत्येक वेळी वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा. ते वीस मिनिटांचं काम धार काढताना किंवा पेंड टाकताना होत नाही.

सकाळी माज दिसला तर कधी भरवायची?

सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बीज माज ओसरल्यावर १० ते १४ तासांनी सुटतं. खूप लवकर भरवली तर बीज यायच्या आत रेत (वळूचं वीर्य) दमतं, उशिरा भरवली तर बीज शिळं होतं.

रेतन करणाऱ्यावर किती अवलंबून आहे?

बरंच. रेताची कांडी (रेत भरलेली बारीक नळी) द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. ती बाहेर काढून ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून कोरडी करायची आणि रेत गर्भाशयाच्या मुखाच्या लगेच पुढे हळूच सोडायचं. खिशात किंवा तळहातावर चोळून वितळवलेली कांडी पाहिलीत तर तिथेच थांबवा. थर्मामीटर कुठे आहे, असं विचारण्यात कसलाही अपमान नाही. कांडीवरचा वळूचा क्रमांक वहीत लिहून घ्या.

भरवल्यावर दोन दिवसांनी रक्ताचा डाग दिसला. गाभ गेला का?

नाही. माज ओसरल्यावर एक ते तीन दिवसांत असा रक्तमिश्रित स्राव दिसू शकतो. माज येऊन गेला, इतकंच त्यातून कळतं. गाभ राहिला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. माज पाहिलाच नसेल आणि रक्त दिसलं, तर ती तारीख लिहा. पुढचा माज त्यानंतर १८ ते २० दिवसांनी अपेक्षित धरा.

व्याऊन चार महिने झाले, माजावरच येत नाही. काय करावं?

पहिलं काम, ती गाभण आहे का ते तपासणं. हसू नका. मोकळ्या चरणाऱ्या गाईला गावचा वळू कधी भेटला हे मालकाला कळलेलं नसतं, आणि गाभण गाईला माजाचं इंजेक्शन दिलं तर गाभ पडतो.

गाभण नसेल तर तीन शक्यता उरतात. पहिली मुका माज: बीजकोश व्यवस्थित काम करतोय, पण बाहेर खुणा नाहीत किंवा आपण पाहिल्या नाहीत. दुसरी, गर्भाशयात पू साठलेला आहे. त्यामुळे बीजकोशावरचा पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी, गाभ टिकवणारी गाठ) विरघळत नाही आणि शरीर स्वतःला गाभण समजत राहतं. तिसरी, बीजकोश खरोखर झोपलेले आहेत. ही तिसरी गोष्ट बहुतेक वेळा पोटातून येते. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढतं, पण भूक तेवढ्या वेगाने वाढत नाही. मग गाय स्वतःच्या अंगावरची चरबी आणि मांस वितळवून दूध देते. अशा वेळी शरीर आधी जगण्याला आणि कासेला देतं, सर्वात शेवटी बीजकोशाला.

म्हणून विताना गाय कशी होती ते मी विचारते. १ (हाडकुळी) ते ५ (लठ्ठ) च्या मोजपट्टीवर ३ ते ३.५ असावी: बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. फार लठ्ठ गाय तर आणखी अवघड, व्याल्यावर ती खातच नाही आणि भसकन उतरते. आटवलेल्या दोन महिन्यांत "दूध नाही तर खुराक कशाला" म्हणून नुसता कडबा टाकला जातो, त्याची किंमत पुढच्या वेताला मोजावी लागते. मोठ्या गाईला रोज ५० ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण द्या. मुठीने अंदाज करण्यापेक्षा एकदा वजन करून डब्यात माप ठेवा.

उपचार कारणाप्रमाणे बदलतो. पीतपिंड असेल तर प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे माजाचं इंजेक्शन, चालतं. बीजकोश सुस्त असेल तर तेच इंजेक्शन पाण्यासारखं. तिथे योनीत सात ते नऊ दिवस ठेवायचं प्रोजेस्टेरॉनचं (गाभ टिकवणाऱ्या हार्मोनचं) साधन किंवा दहा दिवसांचा ठरवून रेतनाचा कार्यक्रम लागतो. हात न घालता इंजेक्शन लिहून देणाऱ्याकडे गाय नेऊ नका.

गाय दर वेळी माज दाखवते, भरवतो, पुन्हा उलटते. दोष कोणाचा?

तीन किंवा जास्त वेळा भरवूनही उलटणाऱ्या, वरून निरोगी दिसणाऱ्या गाईला आम्ही वारंवार उलटणारी म्हणतो. हा एक आजार नाही, अनेक कारणांचं गाठोडं आहे. ते सोडवायला तुमची वही लागते.

भरवल्यापासून उलटेपर्यंतचे दिवस मोजा. १८ ते २४ दिवसांनी उलटली तर एकतर फळणच झालं नाही, नाहीतर गर्भ पहिल्या दोन आठवड्यांतच विरला. अशा वेळी भरवण्याची वेळ, रेताची कांडी, गर्भाशयातला छुपा दाह आणि बीज उशिरा सुटणं यांच्याकडे बघायचं. २८ ते ३५ दिवसांनी उलटली तर गर्भ धरला होता आणि नंतर गेला, म्हणजे संसर्ग, ताप किंवा उष्णतेचा ताण शोधायचा. ४२ दिवसांनी उलटली तर मधला एक माज बहुधा तुमच्या नजरेतून सुटला. नुसत्या तारखांवरून इतकं कळतं, तेही एक पैसा खर्च न करता.

नैसर्गिक रेतनासाठी गावभर फिरणारा वळू असेल तर तो ट्रायकोमोनास, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे संसर्ग एका गाईकडून दुसरीकडे नेतो आणि त्याला स्वतःला काहीच होत नाही. एकाच वळूच्या चार-पाच गाई उलटत असतील तर गाईंना दोष देण्याआधी वळू बाजूला काढा.

सोट आधी नीट उजेडात बघा. स्वच्छ काचेसारखा हवा. त्यात पांढऱ्या पुवाचे ठिपके किंवा दोरे असतील तर त्या माजाला भरवू नका, उपचार करा. एक माज सोडायला जीव होत नाही, हे मला कळतं. पण आजारी गर्भाशयात टाकलेली कांडी वायाच जाते.

व्याल्यावर वार पडली नाही. ओढून काढायची का?

नाही. वार (गर्भाभोवतीचं आवरण) साधारण ८ ते १२ तासांत पडते. त्यापुढे राहिली तर ती अडकली असं धरा आणि डॉक्टरांना कळवा, पण ओढू नका, विटकर बांधू नका, कोणाला आत हात घालून खरवडू देऊ नका.

ही चूक मी घडताना पाहिली आहे. पहिल्या वेताची जर्सी, वासरू मोठं म्हणून अडली होती. वार लोंबत होती. शेजारच्या जाणत्याने भीड न ठेवता कोपरापर्यंत हात घातला आणि "साफ केली" म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा १०५ ताप, डोळे खोल गेलेले, लालसर-तपकिरी घाण वासाचा स्राव आणि गव्हाणीतली पेंड तशीच. गाय वाचली. पण पुढे आठ महिने गाभ राहिला नाही. वार जिथे चिकटलेली असते त्या गाठी ओढल्याने फाटतात आणि जंतूंना रक्ताचा रस्ता मोकळा होतो.

वार अडकली तर दहा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघा. १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, खाणं सोडलं किंवा स्रावाला घाण वास आला, की त्याच दिवशी उपचार. प्रतिजैविक दिलं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध घरात किंवा डेअरीला देऊ नका. बांबूचा पाला, भात चारणं असे उपाय घरोघरी आहेत. त्यांच्या भरवशावर दोन दिवस घालवू नका. वार अडकण्यामागे कॅल्शियमची कमतरता, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता, जुळी, अडलेलं बाळंतपण किंवा वेळेआधी विणं असतं. एकाच गोठ्यात वारंवार घडत असेल तर ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या संसर्गाची) तपासणी करायलाच हवी.

व्याऊन महिना झाला, बसली की पांढरं पडतं. ताप नाही, दूध ठीक आहे.

व्याल्यावर पहिले दोन-तीन आठवडे स्राव जाणं स्वाभाविक आहे. त्यानंतर पू दिसला तर तो गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा दाह. गाय खाते, दूध देते, म्हणून दुर्लक्ष होतं आणि मग ती उलटत राहते. लवकर दाखवलीत तर बरी होते.

गाय आठ-दहा दिवसांनी माज दाखवते, सारखी इतरांवर चढते.

बीजकोशावर पुटी असू शकते. पुटक फुटत नाही, वाढत जातं. तपासून हार्मोनचं इंजेक्शन दिलं की बहुतेक सावरतात.

सातव्या महिन्यात गाभ टाकला. शेजारी म्हणतात उष्णता झाली.

पाचव्या महिन्यानंतर गाभडलेली गाय ही ब्रुसेलाची संशयित आहे, असं समजूनच वागा. हा आजार माणसाला होतो. पडलेला गर्भ, वार, स्राव यांना उघडा हात लावू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिला गोठ्यापासून लांब ठेवा. सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. जागा जंतुनाशकाने धुवा, गाय वेगळी बांधा, रक्ततपासणी करा. माणसाला याची लागण झाली तर महिनोन् महिने चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी होते. ताप हटत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना "गोठ्यात काम करतो, गाय गाभडली होती" हे आवर्जून सांगा.

दूध उकळूनच प्या. धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याकडे फार आहे, गावी गेलं की मुंबईच्या मुलांना थेट धारेचं दूध पाजतात. कृपा करून नका पाजू. खरवस मात्र चांगला वाफवलेला असेल तर निर्धास्त खा.

गाईतल्या ब्रुसेलाला उपचार नाही, लस आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीला आणि पारडीला आयुष्यात एकदाच. नरांना देत नाहीत. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ही लस समाविष्ट आहे, दवाखान्यात विचारा.

गाभडण्याची इतर कारणंही असतात. मुंबईकरांना लेप्टोचं नाव २००५ च्या पुरानंतर पाठ झालं. तोच लेप्टो, उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा, गाईचा गाभही पाडतो. पावसात गोठ्यात पाणी तुंबू देऊ नका, पेंड उंदरांपासून झाका. आणि बुरशी आलेली पेंड गाभण जनावराला अजिबात नको.

मुंबईच्या हवेचा गाभण राहण्यावर परिणाम होतो का?

होतो. आपल्याकडे उन्हापेक्षा दमटपणा घात करतो. गाय घाम आणि श्वास यांतून उष्णता बाहेर टाकते आणि दमट हवेत ते बाष्पीभवनच होत नाही. उष्णतेच्या ताणात माज छोटा होतो, कोवळा गर्भ विरतो आणि पुढच्या काही आठवड्यांत पिकणारी बीजंही कच्ची निघतात. म्हणून मे महिन्याचा फटका पाऊस सुरू झाल्यावरही दिसतो.

नाशिक-नगरकडे चालणारे फॉगर पाहून इथे लावू नका. दमट हवेत तुषार हवेतच तरंगतात आणि गोठा न्हाणीघर होतो. त्याऐवजी पाठ कातडीपर्यंत भिजेल इतकं पाणी मारायचं, मग जोरात पंखा, पुन्हा पाणी, पुन्हा पंखा. छप्पर पत्र्याचं असेल तर वर गवत किंवा झावळ्या घाला. कोकण कपिला आणि डांगी या आपल्या गाई पावसापाण्यात टिकून आहेत. दूध कमी म्हणून त्यांना मोडीत काढू नका.

तबेल्यातल्या म्हशींनाही हेच लागू आहे?

बहुतेक. फरक इतका की म्हशीचा गाभण काळ सुमारे ३१० दिवसांचा, मुका माज जास्त, उन्हाळ्यात माज मंदावतो आणि पावसाळा सरता सरता परततो. विताना गर्भाशयाला पीळ पडण्याचं प्रमाणही म्हशीत जास्त. कळा येऊन थांबल्या आणि काहीच पुढे सरकत नसेल तर तासाभरात डॉक्टर.

मुंबईची एक जुनी पद्धत मला बोचते. व्यालेली म्हैस बाहेरून आणायची, आटेपर्यंत दूध काढायचं, मग विकायची. तिला पुन्हा गाभण ठेवायचा विचारच नाही. १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली ती शहरातले तबेले बाहेर हलवून जनावरांना मोकळी हवा देण्यासाठी. तिथेही जागा आणि चारा महाग आहे हे मान्य. पण धार चालू असतानाच भरवलेली म्हैस आटताना गाभण असते आणि तिला भाव येतो, जगायला जागा मिळते.

पान्ह्याचं इंजेक्शन रोज दिलं तर काय बिघडतं?

बंद करा. ऑक्सिटोसिनची सवय लागली की जनावर त्याशिवाय पान्हा सोडत नाही आणि माजाचं चक्रही ढळू शकतं. जनावराला अपाय करून दूध वाढवणारं इंजेक्शन किंवा फुका मारणं (योनीत हवा फुंकून दूध उतरवणं) हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. वासराला आधी दोन मिनिटं सडाला लावा, कास कोमट पाण्याने पुसा, धार काढणारा माणूस बदलू नका.

मेडिकलमधून माजाचं इंजेक्शन आणून घरीच दिलं तर?

गाभण गाय गाभडेल, हा पहिला धोका. दुसरा धोका हाताळणाऱ्याला: प्रोस्टाग्लँडिन कातडीतून शरीरात जातं. गरोदर बाईने किंवा दम्याच्या माणसाने ती बाटली हाताळू नये.

मायांग (गर्भाशय) बाहेर आलं आहे, डॉक्टर यायला दोन तास आहेत.

गाईला उठवून मागचा भाग उंचावर घ्या. बाहेर आलेला भाग स्वच्छ ओल्या चादरीत झेला, थंड पाण्याने हळू धुवा, कावळे-कुत्री जवळ येऊ देऊ नका. साखर पसरली की सूज उतरते, हे खरं आहे. कोंबून आत ढकलू नका.

जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. कालवड वाढवू का?

गोऱ्ह्यासोबत जन्मलेल्या दहापैकी नऊहून जास्त कालवडी वांझ निघतात. दोन वर्षं खाऊ घालण्याआधी तपासून घ्या.

कुठे दाखवायची, आणि फोनवर काय सांगायचं?

राज्यात १९६२ हा टोल फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे. मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला लागून बाई साकरबाई प्राणी रुग्णालय आहे. गावी असाल तर तालुक्याचा दवाखाना. सोनोग्राफी असेल तर २८ ते ३० दिवसांत गाभ कळतो, हाताने तपासायला ६० दिवसांनंतर यावं.

फोन करताना वही समोर ठेवा आणि क्रमाने वाचा: कितवं वेत, व्याल्याची तारीख, वार किती तासांत पडली, पहिला माज कधी, कोणकोणत्या तारखांना कोणत्या वळूची कांडी वापरली, शेवटचा माज आणि सोटाचा रंग. भाऊ गावी असेल तर त्याला म्हणा, गव्हाणीवरच्या कॅलेंडरवर खडूने नको, पेनाने लिही, आणि महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो पाठव.